म्हणे खोडताना

बल्गेरियातल्या प्लोवदिवच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर नेवेनानं आपली फाइल उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. ओळीओळीखाली लाल पेन्सिलीच्या रेघा!

"अहो, थांबा!" रिमझिम पावसात छत्री उघडणाऱ्या उंच माणसाला तिनं गाठलं. लेखनवर्गात गेल्या शनिवारी दोघांच्या तपकिरी फायलींची अदलाबदल झाली होती; तिची आज परत मिळाली होती. "माझे कागद तुम्ही नेलेत?"

"नेले चुकून," तो म्हणाला. "वाचले मात्र... मुद्दाम."

"आणि या रेघा?"

"त्या तर अगदी मनापासून."

हा इवायलो. हवामान केंद्रात पाऊसवारा मोजायचा, आणि बोलायचाही मोजूनच. वर्ग बोग्दानाबाईंचा. स्वतःचं आयुष्य कथेसारखं लिहा, प्रसंग उभा करा, माणसांना बोलू द्या. पण पदरचं काही घालू नका, हा त्यांचा दंडक.

नेवेना तिथं एकच हट्ट धरून आली होती. दोन वर्षांपूर्वी तिनं प्लामेनशी ठरलेलं लग्न मोडलं. गावभर मात्र झालं उलटंच: प्लामेननं तिला सोडलं! महिनाअखेरीच्या जाहीर वाचनात तिला स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगायची होती.

"चुकलंय काय त्यात?" तिनं विचारलं.

"क्रियापदं. 'मी उठले म्हणे, मी अंगठी काढली म्हणे...' का हो, तुम्ही तिथं नव्हता?"

आपण मराठीत 'म्हणे' वेगळं लावतो; बल्गेरियनमध्ये ते क्रियापदाच्या शेपटातच असतं. पाहिलं की नुसतं ऐकलं, तिथं लपवता येत नाही. दोन वर्षं लोकांकडून ऐकून ऐकून नेवेना स्वतःच्याच आयुष्याची ऐकीव बातमी लिहून बसली होती. तिला ते फार लागलं.

"'पाऊस पडला म्हणे' असं मी लिहिलं," इवायलो म्हणाला, "तर साहेब मलाच पावसात उभं करतील."

तिला हसायचं नव्हतं... पण हसू आलंच.

मग दर शनिवारी वर्ग सुटला की लिंडेनच्या झाडाखालचं टेबल, चीज भरलेली गरम बानित्सा आणि इवायलोचे प्रश्न.

"लग्न मोडलंत त्या दुपारी सूप कसलं होतं?"

"घेवड्याचं. प्लामेनची आई म्हणाली, 'पोरगी जरा तोंडाळ आहे, पण लग्नानंतर होईल गप्प.' आणि तो — तो हसला."

"हे लिही."

"लिही?" तिनं भुवई उंचावली.

"म्हणजे... लिहा."

"राहू दे. 'लिही'च बरं वाटलं." आणि मग हळूच, "अंगठी सूपमध्ये फेकली असं लिहू? मजा येईल."

"फेकली होतीस?"

"नाही. मीठदाणीशेजारी ठेवली."

"मग मीठदाणीच!"

वाचनाच्या दिवशी पहिल्याच रांगेत प्लामेनची मावशी येऊन बसली. नेवेनानं वाचायला सुरुवात केली. "मी उठ..." जुनं शेपूट जिभेवर आलं. तिनं मागच्या रांगेकडे पाहिलं. इवायलो लाल पेन्सिल घट्ट धरून बसला होता, जणू वाचणार तोच होता.

"मी उठले," नेवेना म्हणाली. "मी अंगठी काढली. मीठदाणीशेजारी ठेवली. आणि म्हणाले, 'मी गप्प होणार नाही.'"

"अगं, म्हणजे त्यानं नाही सोडलं तुला?" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

"नाही, मावशी. मी सोडलं. मी तिथं होते."

बाहेर त्याच पायऱ्यांवर इवायलोनं तिच्यापुढे एक कागद धरला. त्याचे कान लाल झाले होते. कागदावर दोनच वाक्यं होती.

'इवायलोचं नेवेनावर प्रेम आहे. नेवेनाचंही त्याच्यावर आहे म्हणे.'

तिनं कागद पुन्हा एकदा वाचला. "पहिल्यात 'म्हणे' नाही, दुसऱ्यात का?"

"पहिल्याचा साक्षीदार मी. दुसरं... बोग्दानाबाईंकडून ऐकलंय. पदरचं कसं घालू?"

नेवेनानं हात पुढे केला.

"पेन्सिल दे."

आणि कागद त्याच्याच छातीवर टेकवून तिनं ते 'म्हणे' खोडून टाकलं.