जाड तार

पटलं तर वाचा, नाही तर पुढे जा. आमच्या घरात मात्र या गोष्टीवर कोणी हसत नाही. आजोबांच्या सख्ख्या भावावर, उत्तमरावांवर, हे गुदरलं आहे.

अकोला. जठारपेठेच्या पलीकडचं एक जिन-प्रेस, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, दुसरं महायुद्ध अजून पेटायचं होतं, त्या काळातली खांडेनवमी. दिवेलागणीची वेळ.

उत्तमराव तिथं बोर्डवाले होते, विजेचा बोर्ड सांभाळायचे. जिनचं जनरेटर वेगळं, प्रेसचं वेगळं. दोन्हींची वीज बोर्डामागच्या उघड्या तांब्याच्या पट्ट्यांवर यायची. अर्ध्या पट्ट्या जिनच्या, अर्ध्या प्रेसच्या. मधोमध त्यांना जोडणारा एक फ्यूज. एका बाजूला बिघाड झाला की त्यातली बारीक तार जळायची अन् दुसरी बाजू सुटी व्हायची.

तार जळली की माणूस वाचतो. पण काम थांबतं.

म्हणून मॅनेजर महादेवरावांनी तिथं जाड तार आवळली होती.

अन् आदल्या वर्षीच्या खांडेनवमीला तिनंच भगवंताचा जीव घेतला...

भगवंत माळी. आधीचा बोर्डवाला; उत्तमराव तेव्हा त्याच्या हाताखाली होते. पूजेत बोर्डालाही माळ घालायची. ती तुटली तर अपशकुन, म्हणून या जिनात झेंडू दोऱ्यात नाही, तारेत ओवायचे. ती माळ त्याच्या हातून घसरली; एक टोक मुठीतच राहिलं, दुसरं प्रेसच्या पट्टीवर पडलं. प्रेसचं जनरेटर पूजेसाठी बंद होतं. पण जिनकडची सगळी वीज त्या जाड तारेतून आली... अन् थांबलीच नाही.

मॅनेजरनं रातोरात काळवंडलेल्या भिंतीला चुना फासला अन् दसऱ्याला जिन सुरू केलं. थू असल्या माणसावर!

तेव्हापासून पट्ट्यांखालच्या चिनी मातीच्या गट्टूंवर, आधाराच्या ठोकळ्यांवर, एक थर धरायचा. पिवळट, चिकट. आज पुसला की उद्या परत...

अन् वास. जळालेल्या केसांचा.

घरी बायकोनं, तानुबाईनं, भरताचं वांगं भाजायला घेतलं की उत्तमराव मोरीकडे पळायचे.

"अवो, कावून असं करून राहिले?"

"साल जळते ना, तं मले भगवंता दिसते."

वर्षानं पुन्हा नवमी आली, तेव्हा ते मॅनेजरच्या अक्षरशः हातापाया पडले. "साहेब, आज तरी बारीक तार लावू द्या."

"अन् काम बंद पडलं तं तुहा बाप चालवीन का?" मॅनेजरनं पाना घेऊन जाड तार स्वतःच्या हातानं पुन्हा आवळली. "माळ तूच घाल. नाही तं घरी जा."

घरात खाणारी तोंडं होती. उत्तमरावांनी माळ उचलली. प्रेसचं जनरेटर याही नवमीला बंदच होतं, तिकडचे दिवे जिनच्या विजेवर जळत होते.

बाहेर हलगी वाजत होती...

एकाएकी ती ऐकू येईना.

पट्ट्यांचा घुमणारा आवाजही गेला.

मग बोर्डामागून... टच... टच... कोणी तारेत फुलं ओवत बसावं, तसा.

"कोन हाये?"

टच... टच...

वास आला. इतका दाट, की जिभेवर तुपकट चव उतरली. उत्तमरावांना भडभडून ओकारी आली. ते वाकले...

माळ हातातून घसरली, एक टोक मुठीतच राहिलं. दुसरं थेट प्रेसच्या पट्टीवर.

फट्!

एक निळी ठिणगी. बस्स, एवढंच. प्रेसकडचे दिवे गेले, जिनकडचे तसेच जळत राहिले. उत्तमराव जिवंत होते.

त्यांनी फ्यूज उघडला. जाड तार नव्हती.

तिथं होती जळून तुटलेली बारीक तार. तिच्या उरल्या टोकात ओवलेला एक झेंडू... काळा, कोळसा झालेला. अन् आजच्या माळेतली फुलं तर ओली, ताजी होती.

जाड तार सापडली पूजेच्या ताटात, प्रसादाच्या खोबऱ्यावर. पिवळट, चिकट. तिला करपलेले केस चिकटले होते.

मॅनेजर त्याच ताटातलं खोबरं चघळत होता. तो थुंकला. धोतराला तार पुसली अन् म्हणाला, "जा, लाव परत."

उत्तमरावांना भुताची भीती वाटली होती. किळस आली ती या माणसाची. ते तसेच निघाले अन् गावी, हिवरखेडच्या शेतावर आले. पुन्हा कधी बोर्डाला हात लावला नाही.

हातांचा वास मात्र गेला नाही. म्हातारपणीसुद्धा जेवता जेवता बोटं हुंगायचे... अन् ताट सरकवायचे.

त्यांच्या जागी मॅनेजरनं दुसरा बोर्डवाला ठेवला होता. पुढच्या नवमीला त्याचं काय झालं, हे उत्तमरावांनी मरेपर्यंत कोणाला विचारलं नाही.

मलाही विचारवत नाही.