विरारला न पोहोचणारा आवाज

नंदाखाल गावातल्या व्हिन्सेंट अंकलच्या ओटीवर सुरुचीने पाऊल ठेवले मात्र, आणि आतून आलेल्या एका आवाजाने ते पाऊल जागच्या जागी खिळले.

"ठरलं म्हणजे ठरलं, अंकल. मोठा सेट मी घेणार."

तो आवाज ज्युडचा होता! भुईगावच्या केळीच्या वाडीतून दर रविवारी, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की, रेडिओच्या लहरींवर आरूढ होऊन तो आवाज विरारच्या चौथ्या मजल्यावर तिच्या कानी येत असे. ती आणि ज्युड, दोघेही हौशी रेडिओचे परवानाधारक. घरातल्या सेटवरून आणि गच्चीवरच्या तारेवरून अनोळखी माणसांशी बोलावे, हाच त्यांचा छंद. परंतु त्या आवाजाचा चेहरा मात्र तिने आजपर्यंत पाहिला नव्हता.

आणि योग पाहा! रात्रीच्या वाऱ्याने तिची तार तुटली होती. आजचा रविवार चुकू नये, म्हणून ती तासभर अंकलच्याच सेटवरून बोलायला आली होती. ज्याच्याशी बोलण्यासाठी ती एवढ्या लगबगीने आली, तोच आत बसलेला!

"अगं ये, ये, बाहेर का उभी?" अंकल म्हणाले.

ज्युडने मान वळवली. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर आलेली केसांची बट, आणि डोळे... ते डोळे आवाजापेक्षाही मवाळ होते. आवाजावरून तो ओळखील, म्हणून त्याची नजर चुकवून सुरुचीने घाईघाईने ओठांवर बोट ठेवून अंकलना खूण केली. अंकल आयुष्यभर जहाजांवर रेडिओ अधिकारी होते. पुसट खुणा ओळखणे हा त्यांचा पेशाच होता.

"ही आमच्या ओळखीतली," ते गंभीरपणे म्हणाले. "घसा बसलाय हिचा. बोलता येत नाही."

"अरेरे!" ज्युड कळवळून म्हणाला. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा हं. आणि वाडीतली केळी आणलीयत, पण ती तुम्हाला नकोत. घसा आणखी धरेल."

सुरुचीने मान खाली घातली. तिला हसू आवरेना, आणि पुढच्याच क्षणी ते हसू मावळले.

कारण टेबलावर दोन सेट शेजारी-शेजारी होते. एक अंकलचा... काळा, भारदस्त, त्याच्या पडद्यावर रंगीत लहरी धबधब्यासारख्या कोसळत होत्या. दुसरा ज्युडचा, पत्रा दबलेला. त्याची लहरी जुळवायची मूळ कळ तुटल्यावर ज्युडने सागाच्या लाकडाची नवी कळ स्वतः घडवली होती. ती हकिकत सुरुचीने त्याच्याच तोंडून ऐकली होती. नकळत तिचे बोट त्या कळीवर टेकले.

"सांभाळून, जरा सैल आहे ती," ज्युड म्हणाला.

'ठाऊक आहे मला,' हे शब्द तिच्या अगदी जिभेवर आले होते!

"पुन्हा एकदा विचार कर, ज्युड," अंकल म्हणाले. "मला काय, या वयात चाळीस बटणांचा सेट नकोच झालाय. पण तू पंपाचे पैसे यात घालणार. आल्बिना मला चर्चच्या दारात गाठेल आणि विचारील, माझ्या लेकाच्या केळींना पाणी काय रेडिओतून घालू?"

"आईला मी समजावीन."

"आणि हा जुना?"

"संध्याकाळी पालघरचा एक जण न्यायला येतोय."

सुरुचीने कळीवरचे बोट चटकन मागे घेतले.

"पण का रे बाबा? परवा तू केरळशी बोललास, श्रीलंकेशी बोललास. आणखी कुठे पोहोचायचंय?"

ज्युड कळ उगीचच फिरवत म्हणाला, "विरारला."

"कुठे?"

"विरारला, अंकल. तिथे एक जण आहे... सुरुची. तिला माझा आवाज पोहोचतच नाही. दर रविवारी म्हणते, फार क्षीण येतोय, पुन्हा सांगा. मी एकेक गोष्ट तीन-तीनदा सांगतो."

"भुईगावाहून विरार? अरे, सायकलवर दूध घालायला जातात लोक तिथे!"

"तसं नसतं ना! लहरी आभाळात जातात, तिथून परत फिरून लांब कुठेतरी उतरतात. मधली गावं कोरडी राहतात. तुम्हीच शिकवलंत."

अंकलनी चष्म्यावरून सुरुचीकडे पाहिले. सुरुची खिडकीबाहेरच्या नारळाकडे पाहू लागली.

"ती थट्टा करत असेल तुझी," अंकल सावकाश म्हणाले.

"छे! बाकीचे सगळे उगाच पाच-नऊ देतात. ऐकू येवो न येवो, सौजन्य म्हणून सर्वांत उत्तम शेरा. ती एकटीच खरं ते सांगते. म्हणून तर..." त्याचे कान लाल झाले. "म्हणून तर तिच्यावर माझा विश्वास आहे."

तो विश्वास सुरुचीच्या काळजात काट्यासारखा रुतला. वालीवच्या कारखान्यात ती तपासनीस होती. केसाएवढा फरक असलेला सुटा भागही ती परत पाठवीत असे. आणि तीच सुरुची गेल्या पावसाळ्यापासून धडधडीत खोटा शेरा देत आली होती! पहिल्या रविवारी स्वयंपाकघरातल्या मिक्सरमुळे तिला खरोखर ऐकू आले नव्हते. "पुन्हा सांगा" म्हणताच त्याने एवढ्या सावकाश, एवढ्या मायेने सांगितले, की केळीला नवा कोंब आलाय... जणू तो कोंब तिच्याच ओंजळीत ठेवत होता. पुढच्या रविवारी आवाज लख्ख आला, तरी जीभ मात्र तेच म्हणाली – पुन्हा सांगा.

आता खरे सांगावे, तर त्याचा विश्वास जाईल. कदाचित रविवारही जाईल. न सांगावे, तर त्याचा पंप जाईल, आणि त्याच्या हातची ती सागाची कळ पालघरला!

"वेळ झाली," ज्युड उत्साहाने म्हणाला. "आता मोठ्या सेटवरून हाक देतो. बघा, ती कशी चकित होते!"

माइक हाती घेऊन त्याने सुरुचीची संकेताक्षरे एकेक करून उच्चारली. "सुरुची, भुईगावचा ज्युड बोलतोय. आज आवाज कसा येतोय? ओव्हर."

सेटमधून नुसती खरखर आली.

त्याने पुन्हा हाक दिली. पुन्हा खरखर. मग त्याने तार काढून आपल्या जुन्या सेटला जोडली, आणि लाकडी कळ बोटांनी हळुवार फिरवली.

"सुरुची... ऐकताय का? ओव्हर."

कोणी उत्तर दिले नाही. त्याचे खांदे खचले.

"कंटाळली असेल," तो पुटपुटला. "सारखं सारखं कान देऊन कोण ऐकेल, अंकल? माझंच चुकलं. आधीच मोठा सेट घ्यायला हवा होता."

त्याचा तो उतरलेला चेहरा सुरुचीला पाहवेना. ती उठली, त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली, आणि बसलेला घसा मोकळा करीत म्हणाली –

"ऐकतेय. पाच-नऊ. ओव्हर."

ज्युड सेटकडेच पाहत राहिला. सेटचा दिवा शांत होता. मग तो हळूहळू वळला.

"तुम्ही...?"

"पाच-नऊ," ती म्हणाली. "आजच नाही, दर रविवारी. मिक्सरवाला तेवढा एक सोडून. खोटं बोलत होते मी. तुम्ही पुन्हा सांगावं म्हणून."

भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीखाली अंकल छताकडे पाहत केळे सोलू लागले.

"म्हणजे ती कोंबाची गोष्ट... चारदा सांगितली मी!"

"पाचदा."

"आणि मी वेडा, नारळावर चढून तार उंच केली! दोनदा!"

"रागावलात?"

पाय पोटाशी घेऊन नारळावर चढलेला तो स्वतःच त्याच्या नजरेसमोर उभा राहिला असावा. कारण आधी त्याचे खांदे हलले, मग त्या रापलेल्या चेहऱ्यावर हसू असे पसरले, की सुरुचीचे डोळे भरून आले.

"अंकल," तो म्हणाला, "मोठा सेट राहू दे."

"देवाची कृपा!" अंकल म्हणाले. "आल्बिनापासून वाचलो. त्या पालघरवाल्यालाही फोन कर."

ज्युडने आपला दबलेल्या पत्र्याचा सेट अलगद जवळ ओढला. मग सुरुचीकडे पाहत विचारले, "पण का? आवाज येत होता, तर मी पुन्हा सांगावं असं का वाटायचं?"

सुरुची लाकडी कळ बोटाने फिरवू लागली. मग मोगऱ्याची कळी उमलावी इतक्या हळू म्हणाली –

"मला तुम्ही आवडता, म्हणून."

ज्युड कानाशी हात नेऊन पुढे झुकला.

"फार क्षीण येतोय आवाज," तो म्हणाला. "पुन्हा सांगा."