तिसरा मजला

घाटंजीचा बाजार होता. तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी मी माझ्या प्लेटची वाट बघत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी व्हीलचेअर ढकलली आणि मला सरळ रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं.

"झालं! आता निवांत जा."

वळून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर पुण्य केल्याचं हसू.

"कायले आणलं मले इकडं? माहे पोहे राह्यले ना तिकडं!"

त्याचा चेहरा असा पडला, की मला धड रागावताही येईना.

"मग... परत नेऊ?"

"आता विचारलं, तं ने."

तो पियूष. यवतमाळचा, नुकताच पंचायत समितीत नोकरीला लागलेला. मी उज्ज्वला, जवळच्याच तांड्यावरची. चौदाव्या वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. पुढे सात वर्षं याडीने, माझ्या आईने, मला उचललं. मग मी टायपिंग शिकले, झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं, बाजारालगत खोली घेतली. उंबरठा काढून टाकला, ओटा बसल्या हाताला येईल एवढा खाली करून घेतला. तिथे पहिला चहा केला, तेव्हा एकटीच रडले होते... आनंदाने.

पियूष रोज दुकानात येऊ लागला. एकाच आधार कार्डाच्या अकरा प्रती झाल्या, तेव्हा मी विचारलंच, "तुहं आधार रोज हरवते काय?"

"हरवत नाही... शोधतोय."

"इथं?"

"इथंच."

माझ्या हातातला कागद मशीनमध्ये वाकडा गेला.

बोलताना तो स्टूल ओढून शेजारी बसायचा, म्हणजे डोळे सरळ डोळ्यांत यायचे. त्याच्या पापण्या किती लांब आहेत, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. लग्नाचं त्यानेच विचारलं, आणि मी हो म्हणाले.

लग्नाआधी, फाल्गुनात, तो मला यवतमाळला घेऊन गेला. त्याच्या वडिलांनी आमच्यासाठी घर घेतलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्ची खालीच राहिली.

"उचलू?"

मी त्याच्या गळ्यात हात टाकले. खोटं कशाला बोलू, त्या तीन मजल्यांत मी फार सुखात होते. त्याचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं.

घर सुरेख होतं. त्याच्या आईने, सुहासिनीबाईंनी, पडदेसुद्धा लावले होते. त्याने मला पलंगावर बसवलं.

"पियूष, मी खाली कशी जाईन?"

"मी नेईन ना. रोज."

"आन तू हापिसात असला तं?"

तो हसला, अगदी प्रेमाने. "मी नसताना तुला कुठं जायचंय, वेडे?"

"कामावर."

"आता काम कशाला? तुझ्या मालकाला कालच सांगितलंय मी, दुसरी मुलगी बघा म्हणून. खूप सोसलंस गं... आता मी आहे."

"घाटंजीतच तळमजल्यावर भाड्यानं घर पाहू."

"बाबांनी एवढं घेतलेलं सोडून? आईला काय वाटेल?"

"आन मले काय वाटेल?"

तो पडदे सारखे करू लागला. मी थांबले... बराच वेळ थांबले.

मग पलंगावरून खाली उतरले. हातांवर अंग रेटत जिन्यापाशी आले आणि बसून, एकेक पायरी, खाली जाऊ लागले.

"उज्ज्वला, थांब ना... उचलू दे."

"नको."

दुसऱ्या मजल्यावर एका बाईने दार उघडलं. "अहो, उचला ना तिला!" पियूषने मान खाली घातली. त्याला लाज वाटली होती. मी मागितलं ते दिलं नाही याची नाही, कुणीतरी मला असं बघितलं याची.

खाली पोचले, तेव्हा तळहात सोलले होते. खुर्चीत चढले, ऑटोला हात केला. तो रडत होता. मीही.

मालकाने खरंच दुसरी मुलगी ठेवली होती. चार महिने मी कामाविना काढले, मग बसस्टँडजवळच्या दुकानात लागले. पियूषने बदली करून घेतली.

याडी एकदा खोलीवर आली होती. माझ्या हातचा चहा पीत म्हणाली, "एवढा जीव लावत होता पोरगा. काहून सोडलं त्याले?"

"लावत होता, याडी," मी म्हटलं. "म्हणून तं उतराले इतका वेळ लागला."