तेवीस हजार किलोमीटरची गाडी

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी वायसन मामांना घेऊन मझुझू शहरात गाडी बघायला गेले. त्या दिवशी भीतीसारखं काहीच नव्हतं. आमच्याकडे मे म्हणजे थंडीची सुरुवात, ऊन कोवळं होतं, रस्त्याकडेला बायका उकडलेली रताळी विकत बसल्या होत्या, आणि मामा वाटभर मला बजावत होते की तू तिथे तोंड उघडू नकोस, रंग बघून पाघळतेस.

मी डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. बाळंतपणं माझ्याकडे. मोठं इस्पितळ खाली सरोवराच्या काठी, मधे वीस वळणांचा, लाल मातीचा घाट. केंद्राची गाडी चालू असण्यापेक्षा बंदच जास्त. तिची वाट बघता बघता दोन बायका माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. दुसरीला मातीत ठेवून आल्यावर मी ठरवलं, आपली स्वतःची गाडी हवी, लहान का होईना.

ती जपानहून आलेली होती. चांदीच्या रंगाची, सतरा वर्षांची, आणि काट्यावर फक्त तेवीस हजार किलोमीटर. मामा हसले. हा आकडा कुणीतरी मागे फिरवलाय, असं विकणाऱ्याच्या तोंडावर म्हणाले. मग त्यांनी ब्रेकच्या पेडलचं रबर अंगठ्याने चाचपलं. ते नव्यासारखं होतं. ड्रायव्हरची सीट जराही दबलेली नव्हती. जहाजावर चढवतानाच्या तपासणीच्या कागदावरही तोच आकडा होता. मामांचं हसू गेलं. वळसा घालून ते डाव्या बाजूला आले, दार उघडलं आणि तिथेच थांबले. डावी सीट खोल बसली होती. वर्षानुवर्षं एकच माणूस एकाच जागी बसल्यावर बसते तशी.

"चालवली कमी, बसले जास्त," मामा पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घे. पण लक्षात ठेव, हिचं लोखंड कोवळं आहे आणि रबर म्हातारं. उभी राहिलेली गाडी आतून सुकते."

तीन आठवडे ती मामांच्या अंगणात होती. टायरांची नक्षी जशीच्या तशी होती, पण कडांना बारीक चिरा गेल्या होत्या, चारही बदलले. पट्टे बदलले, पाण्याचे पाइप बदलले, ब्रेकचं तेल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं, ते काढून नवं भरलं. आतला एक वास मात्र गेला नाही. संत्र्याच्या सुकलेल्या सालींचा. मी दोनदा आतून साबणाने पुसून काढली, तरी पहाटे दार उघडलं की तो यायचा.

आणि गाडी बोलायची. त्यात नवल नव्हतं. जपानहून येणाऱ्या कितीतरी गाड्या चावी फिरवली की बाईच्या आवाजात काहीतरी बोलतात. तिकडच्या टोलनाक्याचं यंत्र असतं म्हणे, त्यात कार्ड नाही अशी तक्रार करतं. आपल्याला समजत नाही, कुणी लक्षही देत नाही. फक्त बाकीच्या गाड्यांमधली बाई तरुण, टवटवीत असते. माझी म्हातारी होती. आवाज थोडा घोगरा. आणि वाक्य सुरू व्हायच्या आधी... श्वास घेतल्यासारखं ऐकू यायचं.

केंद्रातला वेझी मला चिडवायचा, "लग्नाआधीच सासू मिळवलीस. हुंडा तरी घेऊ नकोस म्हणावं."

मीही हसायचे. पण घाटात तिचा एक शब्द वेगळा यायला लागला, तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. वळणाच्या जरा आधी, हळूच. एका बाजूच्या वळणाला "हिदारी". दुसऱ्या बाजूच्या वळणाला "मिगी". जुलैपर्यंत मला त्याची सवय झाली होती. रोजच्या वाटेवर शेजारी बसलेलं माणूस बोलतं, तशी.

जुलैत आमच्या डोंगरावर सरोवराकडून धुकं चढतं. त्या मंगळवारी दुपारी तीनलाच समोरचं चर्च दिसेनासं झालं. त्याच वेळी एस्नातला आणलं. एकोणीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, आदल्या रात्रीपासून कळा देत होती. बाळाचे ठोके मंदावत होते. केंद्राची गाडी बंद होती. मी तिला मागच्या सीटवर निजवलं, तिचं डोकं सासूच्या मांडीवर ठेवलं. सासूला सगळे न्याकायिरा म्हणत. मोतीबिंदूने तिला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. डावी सीट रिकामी होती. तिच्यावर मी माझी पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पहिल्या वळणालाच मला कळून चुकलं की मला रस्ता दिसत नाहीये. दिवे लावले तर समोर पांढरी भिंत. काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, तरी चाकाखालची खडी फक्त ऐकू येत होती. उजवीकडे दरी. परत फिरायला जागा नव्हती. मागे एस्नात ओरडायची बंद झाली होती, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

"हिदारी," आवाज आला.

मी डावीकडे वळवलं. चाकाखाली रस्ता होता.

"मिगी."

उजवीकडे. रस्ता होता. त्यानंतर मी डोळ्यांनी बघणं सोडून दिलं. संत्र्याचा वास दाटून आला होता. मी भ्यायला हवं होतं, पण छाती भरून आली होती. लहानपणी अंधारात आजीचं बोट सापडावं तसं वाटत होतं. अकरा वळणं मी अशी उतरले.

मग मागून न्याकायिरा मला नावाने हाक मारून बोलली. हळू, अदबीने, वडीलधाऱ्यांशी बोलतात तसं.

"न्यामहांगो... तुझ्या शेजारच्या या आजीबाई कुडकुडताहेत गं. माझं चितेंजे दे त्यांना."

तिने अंगावरचं चितेंजे सोडून पुढे केलं. मी मान वळवली नाही. कापड माझ्या खांद्याजवळून गेलं, आणि तिचा हात रिकामा मागे गेला.

बाराव्या वळणावर आवाज चढला. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, आधी कधी न ऐकलेला. मी ब्रेक दाबला. मामांनी बदललेलं तेल त्या क्षणी कामाला आलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी उतरले, हात पुढे करून चालले. सहाव्या पावलाला हाताला गार लोखंड लागलं. मक्याची पोती नेणारा ट्रक, रस्त्यावर आडवा, दिवा नाही, आत माणूस नाही.

मी तिथेच खाली बसले. मग मागे एस्नातने हाक मारली आणि मला उठावं लागलं.

बाळ तिथेच झालं, मागच्या सीटवर. नाळेचे दोन वेढे गळ्यात होते. मी ते सोडवले, तोंड साफ केलं, पाठ चोळली, आणि ते रडेना. मी मोजत होते. माझ्याबरोबर पुढून कुणीतरी मोजत होतं, माझ्याच लयीत, दुसऱ्या भाषेत. मुलगी रडली तेव्हा तो आवाजही थांबला. तासाभराने धुकं विरळलं आणि ट्रकवाले माणसं घेऊन आले. डावी सीट रिकामी होती. चितेंजे कुठेच सापडलं नाही.

मायलेकी दोघी बऱ्या आहेत.

पुढच्या आठवड्यात मी मामांना ते बोलणारं यंत्र दाखवायला गेले. त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं आणि आत बघितलं. यंत्र नव्हतंच. ते तिकडेच काढून घेतलं होतं. कापलेल्या तारा होत्या, टोकांना व्यवस्थित चिकटपट्टी लावलेली. रेडिओही मेलेला. मामांनी झाकण लावलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "याला मी हात लावणार नाही. तूही लावू नकोस."

डोंगरावरच्या शाळेत हारुना नावाची एक जपानी मुलगी विज्ञान शिकवायची. तिला मी गाडीत बसवलं आणि चावी फिरवली. ऐकताना तिचा चेहरा बदलला. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वाकून नमस्कार केला.

"हे यंत्राचं वाक्य नाही," ती म्हणाली. "कुणीतरी आजी बोलतेय. माझ्या आजीच्या बाजूची, खेड्यातली बोली."

"काय म्हणते?"

"तू चालव. मी बघते."

सामानाच्या कप्प्यात गाडीच्या सर्व्हिसची वही होती, तिच्यावर एका गॅरेजचा पत्ता. हारुनाने तिथे पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं ते मूळ मालकिणीच्या मुलीचं. हारुना मला ते वाचून दाखवत होती. गाडी वडील चालवायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा आई डावीकडे बसून त्यांना वळणं सांगायची. वडील वारले, मग गाडी उभीच राहिली. पण आई रोज दुपारी त्या सीटवर जाऊन बसायची, संत्रं सोलून खायची. नऊ वर्षं. अंथरुणाला खिळून वृद्धाश्रमात गेली, त्यानंतर मुलांनी गाडी विकली.

मी म्हटलं, कधी वारल्या त्या?

हारुनाने पान उलटलं आणि पुढचं वाचलं. आई हयात आहे, असं मुलीने लिहिलं होतं. ब्याण्णव वर्षांची. चार वर्षांत तिने जमिनीला पाय लावलेला नाही. रात्री फार गाढ झोपते. आणि तिथल्या नर्सेसना एक गोष्ट उलगडत नाही, तुमच्याकडे काही माहिती असेल तर कृपया कळवा... काही काही सकाळी तिच्या पायांचे तळवे लाल मातीने भरलेले असतात.