मागच्या खोलीची कडी

गिरजा त्या दिवशी पेणला गेली होती, फोटो धुवायची औषधं आणायला. वैशाखातला शनिवार, त्यात अवस. पण अवसेला असलं काय आणू नये, हे तिला सांगायची कुणाची टाप नव्हती.

ही ऐकीव गोष्ट नाय, पोरांनो. गिरजा म्हणजे हमरापूरच्या पुंडलिकाची सख्खी बहीण, आणि पुंडलिक माझा लंगोटीयार. तो गणपतीचे डोळे रंगवायचा. ही पेणला मामाच्या स्टुडिओत फोटो काढायला शिकली. मग रोह्याच्या दिनानाथला दिली. दिनानाथ बिजवर, धाटावला कंपनीत कामाला. सत्त्याऐंशी साल असेल.

रोह्याला आल्यावर गिरजानं ठरवलं, घरातच स्टुडिओ काढायचा. पुढची पडवी मोकळी केली. पुंडलिकानं मागं लावायला पडदा रंगवून दिला: काश्मीरचं तळं आणि त्यात हंस. हंसांचे डोळे मात्र थेट गणपतीचे! आता राहिली अंधारी खोली. घरात तशी एकच होती, मागची, बिनखिडकीची. तिथंच दिनानाथची पहिली बायको, शांती, तापानं गेली होती. तेव्हापासून खोलीला कुलूप.

सासू, कृष्णाबाई, आडवी आली. "ती खोली उघडायची नाय गो. रात्रीचं आतून कोणतरी वाजवतं."

"मेलेल्या माणसाला खोली लागते, आणि जित्या माणसाला नाय लागत, आई?"

गिरजानं कुलूप तोडलं. जळमटं काढली, चुना दिला, दाराला आतून नवी कडी बसवली. शेजारणी म्हणाल्या, निदान एक नारळ तरी दे. तिनं नारळ फोडला, चटणी वाटली आणि त्याच शेजारणींना भाकरीबरोबर वाढली.

पहिलं मोठं काम मिळालं ते गागोदे गावातल्या लग्नाचं. नवरदेव मिलिटरीत, रविवारी सकाळच्या गाडीनं निघणार. जाताना बायकोचा फोटो खिशात हवा, असं त्यानं सांगून ठेवलेलं. गिरजानं शब्द दिला होता. म्हणून त्या शनिवारी पेणहून आल्या आल्या तिनं पाणी भरून ठेवलं. दिनानाथ रातपाळीला. घरात दोघीच.

जेवणं उरकली. कृष्णाबाई पडवीत आडवी झाली. गिरजा मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

फोटोचा कागद धुताना लाल दिवा चालतो. फिल्म धुताना तोही नाय. डोळ्यात बोट गेलं तरी कळणार नाय, असला काळोख. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि औषधात खालीवर फिरवत राहायची. मध्ये उजेडाची एक तिरीप आली की सगळं लग्न काळं.

ती फिरवत होती. औषधाचा चुळूक चुळूक आवाज. बाकी काय नाय.

आणि दार वाजलं.

थप... थप...

"आई, थांबा. आता उघडता येणार नाय."

थप...

"आई!"

पार पुढून, पडवीतून, आवाज आला. "काय गो? मी हितं हाय."

गिरजाचे हात थांबले. मग पुन्हा फिरू लागले.

थप... थप... दाराच्या खालच्या अंगाला. कुणी जमिनीवर बसून तळहात मारावा तसं. आणि आवाज दाराच्या पलीकडून येत नव्हता...

आतून येत होता.

तिच्या पायांपासून हातभर.

कृष्णाबाईनंही ऐकलं. ती धावत आली, दाराबाहेर मटकन बसली. "उघडू नको, गिरजे! भगतानं सांगितलेलं, शांतीला झपाटलंय, कायबी ओरडली तरी उघडू नको... मीच भायेरनं कडी लावलेली गो... रातभर वाजवत होती... पहाटेला थांबली..."

मग तिनं पदर तोंडात कोंबला.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. गिरजाचा नव्हे.

कडी हाताशी होती. ओढली असती तर सुटली असती. पण फिल्म गेली असती, शब्द गेला असता, आणि उद्या गावभर झालं असतं, बघा, पळाली.

"शांती," ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून पुन्हा म्हणाली. "शांती, मी कडी काढणार हाय. पण एवढं माझं काम होऊ दे. तोवर दारावर हात मारायचा नाय."

थप नाय.

काय नाय.

तिनं फिल्म काळोखातच हायपोत टाकली. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं औषध. मनातल्या मनात ओव्या म्हणत पुरता वेळ काढला. श्वास शेजारीच होता... वाट बघत. मग फिल्म पाण्याच्या टोपात सोडली आणि कडी काढली. दार भिंतीला आदळेपर्यंत उघडलं. ओल्या हातांनी तशीच पुढं गेली, पुढचा दरवाजाही सताड उघडला आणि उंबऱ्यात बाजूला सरून उभी राहिली.

"जा बाई. आता या घरात कुणाची कडी नाय."

अंगणात काळोख. पानसुद्धा हललं नाय. कृष्णाबाई मागं उभी राहून पदर तोंडात धरून रडत होती.

गिरजानं खूप वेळ दार लावलं नाय.

पहाटे फिल्म वाळली. तिनं लाल दिव्यात फोटो छापायला घेतले. लग्न झकास आलं होतं, नवरी हसरी. सकाळी नवरदेव फोटो खिशात घालून गेला.

फिल्मची शेवटची चौकट मात्र कोरी राहायला हवी होती. वऱ्हाड घाईनं निघालं, म्हणून तो फोटो तिनं काढलाच नव्हता. तरी तिथं काहीतरी होतं. तिनं ते कागदावर उतरवलं. औषधात हळूहळू चित्र उमटलं.

त्यांचंच घर. अंगणातून काढलेलं. दार सताड उघडं. उंबऱ्यात गिरजा, केस सुटलेले, हात ओले. मागं पदर तोंडात धरलेली कृष्णाबाई.

आणि ती दारात उभी होती तेव्हा, पोरांनो, फिल्म तर आत टोपात... धुऊन झालेली.

दुसरीनं फोटो जाळला असता. गिरजानं तो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला. अजून आहे. मी पाहिलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "हा कुणी काढला?"

गिरजा मान वर न करता सांगते, "माझ्या सवतीनं."