रंगमंचाखालचा सातवा खांब

आमच्या कुरेसाका गावच्या नाटकघरात शिरताना पायातलं काढून पिशवीत घालायचं, ती पिशवी हातात धरूनच हिंडायचं आणि खांबांना टेकायचं नाही. हे तीन नियम मी दिवसातून दहा वेळा सांगतो आणि दहाही वेळा कोणीतरी टेकतंच.

हे नाटकघर पूर्वी नदीकाठी होतं. एकशे दहा वर्षं उभं होतं, पण दर चार-दोन वर्षांनी आत पुराचं पाणी शिरायचं. शेवटी गावाने ते उतरवलं आणि टेकडीवर जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. उतरवताना प्रत्येक लाकडावर शाईने खूण आणि आकडा घातला होता. तीन हजारांवर लाकडं भरली. मुख्य सुतार मी, कुरामोची. हाताखाली नऊ जण. एकही लाकूड इकडचं तिकडे झालं नाही, असं मी छाती काढून सांगत असे. काम संपत आलं तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून हत्यारं ठेवली आणि पाहुण्यांना इमारत दाखवायचं काम घेतलं.

रंगमंचाच्या मधोमध मोठी लाकडी चकती आहे. नट तिच्यावर उभे राहतात आणि खाली तळघरात चार माणसं दांडे ढकलून ती फिरवतात. त्या तळघराला आम्ही नरक म्हणतो. नाटकवाल्यांचं हे जुनं नाव. तिथला मुकादम माझा धाकटा भाऊ मोरिओ. त्याचा अर्धा जन्म मासळीबाजारात बर्फाच्या पेट्या उचलण्यात गेला, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षीही खांदे बैलासारखे. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. मला बायको नाही, मूल नाही. माझं म्हणण्यासारखं काय, तर मोरिओ आणि हे नाटकघर.

त्या गुरुवारी सकाळी ब्राझीलहून एक मुलगी आली. तिशीची असेल, डोक्यावर काळा चष्मा, पाठीला ही एवढी पिशवी. चेहरा आमच्यातला, चालण्याची ढब परकी. नाव तेरेझा इसोकावा. तिने तोंड उघडलं आणि मी चपापलो. ती आमची जपानी भाषा आजीकडून शिकली होती, आणि शंभरावर वर्षांपूर्वी ती भाषा बोटीत चढली तेव्हा होती तशीच राहिली होती. माझी आजी असं बोलायची.

"नमस्कार करते, मेस्त्री. लई लांबून आले म्या. हे नाटकघर माज्या पणजोबांनी बांधलं."

"इसोकावा? अहो, मग नाव आहे त्यांचं! आढ्याच्या फळीवर आहे. चला, दाखवतो."

"नाव मागनं बघू. मला आदी त्यो खालचा खांब दावा. डोकं मातीत घालून उभा क्येलेला."



तो खांब मला चांगला ठाऊक होता. नरकातला सातवा. नदीकाठचं नाटकघर उतरवताना दिसलं की त्याचा बुंधा वर आहे आणि शेंडा खाली. झाड जसं वाढतं तसाच खांब उभा करायचा, हे सुताराला पहिल्या दिवशी शिकवतात. उलटा खांब घराला लागतो असं जुनी माणसं म्हणतात. तीच माणसं असंही म्हणतात, की पुरं झालेलं घर त्याच दिवसापासून ढासळायला लागतं, म्हणून मोठ्या देवळात एखादा खांब मुद्दाम उलटा ठेवतात. पण तो दर्शनी भागात, कोरीव, चारचौघांना दिसेल असा. तळघरात, जिथे कुत्रं फिरकत नाही, तिथे कोण मुद्दाम चुकेल? कोणा धांदरटाचं काम, असं म्हणून मी हसलो होतो. दोन्ही टोकं सारखीच होती, खाचेत कशीही बसणारी. मी खांब सुलटा केला आणि कोणाला बोललो नाही. मेलेल्या सुताराची अब्रू झाकली, एवढंच मला वाटलं.

"आहे तसाच आहे," मी तिला म्हणालो. सदुसष्टाव्या वर्षी धडधडीत खोटं बोललो.

आम्ही जिना उतरून खाली गेलो. रविवारी पहिला खेळ होता, मोरिओ दांड्यांना तेल लावत होता. अंगात नाटकघराचा निळा आखूड कोट. त्याला बटणं नसतात, एका पदरावर दुसरा घेऊन वरून पट्टा बांधतात. डावा पदर नेहमी वर. मोरिओचा उजवा वर होता.

आमच्याकडे मयताचं सगळं उलट्या हाताने करतात. उजवा पदर वर घेतात तो फक्त प्रेताचा.

"मेलास की काय रे?" मी म्हणालो. "कोट बघ स्वतःचा."

"हात्तिच्या!" तो हसला आणि पट्टा सोडून पदर बदलले. "हल्ली असंच होतंय, दादा. घरी मित्सुएची बोलणी खातोय रोज. काल म्हणे उशी मयतासारखी उत्तरेला टाकून झोपलो. परवा अंगठा वेगळा असलेला डावा मोजा उजव्या पायात. म्हातारचळ लागला, दुसरं काय!"

"कधीपासून?"

"ते पुजारी येऊन गेले, काम पुरं झालं म्हणून साके दारूचं पिंप फोडलं ना आपण? तेव्हापासून. दहा दिवस झाले."

तेरेझा हसली नाही. ती सातव्या खांबापाशी उकिडवी बसली होती आणि त्याच्या गाठींवरून बोट फिरवत होती. गाठी कुठे कलल्या आहेत त्यावरून खांब कसा उभा आहे ते कळतं. तिला ते कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

"मेस्त्री, ह्यो तर सुलटा हाय."

मोरिओने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"आदी पणजोबांनीबी सुलटाच बांधला व्हता," ती म्हणाली. "मग त्यांचा भाऊ कापडं उलटी घालाया लागला. उशी, मोजे, समदंच. तवा त्यांनी ह्यो पालटला."

"भाऊ वाचला?" मी विचारलं.

"वाचला की. लई वर्सं जगला."

"मग तुमच्या पणजोबांनी गाव का सोडलं?"

"त्ये कदी सांगितलं न्हाई कुनाला. खांब पालटला आन आटवड्यात बोटीत बसले. माघारी आलेच न्हाईत."

मी खांबाला हात लावला. लाकूड गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओलं होतं. खालचा दगड कोरडा, जमीन कोरडी, शेजारचे खांब खडखडीत. शंभरावर वर्षांपूर्वी तोडलेलं ते लाकूड. हात नाकाशी नेला तर ताज्या तोडलेल्या पाइनच्या झाडाचा वास आला.

दुपारी मी नगरपालिकेत फोन केला आणि माझी चूक कबूल केली.  तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कुरामोचीसान, खांब पडण्याचा धोका आहे का?" नाही म्हणालो. "मग रविवारचा खेळ होऊ द्या. पुढच्या महिन्यात बघू." त्यांचंही बरोबरच होतं. मी तरी त्यांना काय सांगणार होतो?

शुक्रवारी ओल मांडीपर्यंत चढली होती.

शनिवारी उजाडता उजाडता मोरिओच्या बायकोचा, मित्सुएचा फोन आला. ही बाई भूकंपातही आधी गॅस बंद करून मग बाहेर पडते. तिचा आवाज कापत होता.

"भाऊजी, यांच्या उशाशी पडदा आहे ना, घडीचा? तो उलटा उभा आहे. खालची बाजू वर. मी नाही केला हो. हे म्हणतात, मीही नाही केला. आणि अंग इतकं गार लागतंय यांचं."

उशाशी उलटा पडदा कोणाच्या ठेवतात ते तिलाही माहीत होतं, मलाही. 

मी परवानगीची वाट पाहिली नाही. दोन जॅक, मोरिओ, त्याचे तीन गडी. तेरेझा जिन्याच्या पायरीवर बसून होती. वरची तुळई बोटभर उचलली आणि खांब मोकळा केला. एरवी दोघांनी सहज हलवावा असा तो खांब. आज पाच जणांना घाम फुटला.

तो दगडावरून उचलला गेला तेव्हा बारीक फाटल्यासारखा आवाज झाला.

बुंध्याच्या टोकाला मुळं फुटली होती. पांढरी, केसांसारखी बारीक, ओली.

"दादा," मोरिओ म्हणाला, "याला आता फळं पण धरतील."  त्याचे ओठ निळे पडले होते.

"फिरवा," मी म्हणालो.

खांब फिरवला. मुळांसकट बुंधा वर गेला, शेंडा दगडावर टेकला. जॅक सोडला. तुळई कुरकुरली आणि बसली. मी खालपासून वरपर्यंत हात फिरवला. लाकूड कोरडं होतं.

मोरिओ खाली बसला. बघता बघता त्याच्या गालांवर लाली आली. "भूक लागली," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आम्ही समोरच्या दुकानात गेलो. त्याने दोन वाडगे उदोनच्या जाड शेवया ओरपल्या आणि माझ्या वाडग्यातलं तळणही उचललं. इतका आनंद मला नाटकघर उभं राहिलं त्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

तेरेझाची तीनची बस होती. निघताना तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"मेस्त्री, तुमचं कुनी परदेशात हाय का?"

"माझं? मी अजून ओसाकापुढे गेलो नाही पोरी."

  तिने माझा हात सोडला नाही. बसवाल्याने दोनदा भोंगा वाजवला तेव्हा गेली.

चार वाजता मी आणि मोरिओ गावच्या न्हाणीघरात गेलो. शनिवारचं हे आमचं चाळीस वर्षांचं आहे. त्याने कोट काढला तेव्हा मी चोरून पाहिलं. डावा पदर वर. मोजे ज्या त्या पायात. मी देवाचे आभार मानले आणि नळासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसलो. खिडकीतून ऊन येत होतं. मोरिओ बेसूर गुणगुणत होता.

"दादा, बस तसाच. आज पाठ मी चोळतो. मला नवा जन्म दिलास तू."

त्याने माझ्यासाठी बादली घेतली. आधी गार पाण्याचा नळ सोडला. बादली अर्धी झाली तेव्हा तो बंद करून गरम पाण्याचा सोडला.

कढतात गार घालतात. आमच्याकडे लहान पोरालाही ते माहीत असतं. गारात कढत घालून पाणी काढतात ते एकदाच, शेवटच्या आंघोळीला, आणि ते कोणी स्वतःसाठी काढत नाही. घरातलं सगळ्यात जवळचं माणूस काढतं. तेरेझाचे पणजोबा खांब पालटून आठवड्यात बोटीत का बसले, ते मला तेव्हा कळलं.

मोरिओने बादलीत कोपर बुडवून पाहिलं. चेहऱ्यावर एवढी माया, की मी त्याला अडवलं नाही.

"कोमट झालंय ना बरोबर?" त्याने विचारलं आणि पहिला तांब्या माझ्या खांद्यावर ओतला.

"झालंय," मी म्हणालो.