अर्धी राहिलेली बटणांची मॅच

टक्...

दुपारच्या त्या शांततेत एवढासा आवाजही केवढा मोठा वाटला. मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढलेले, एसीची एकसुरी घरघर, आणि माझ्या समजुतीप्रमाणे लेक मुआज झोपलेला. म्हणून तर मी वही घेऊन बसले होते. वाकून पाहिलं तर साहेब पलंगाखाली पालथे. माझा बटणांचा डबा उघडा, फरशीवर दोन रांगा मांडलेल्या... आणि मधल्या बोटानं टिचकी मारून एक पांढरं बटण त्यानं माझ्या पायापर्यंत धाडलं होतं.

चार भोकांचं, शिंपल्याचं बटण. मी ते उचललं, आणि माझं माहेरचं गाव, बरका, डोळ्यांपुढे उभं राहिलं.

बरक्याला अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचं घर. एक वाजता सगळ्या गल्लीची शटरं खाली यायची ती थेट चार वाजता वर जायची. अब्बा-अम्मी आत आडवे व्हायचे. मी मात्र कापायच्या टेबलावर मांडी घालून दिशदाशांच्या, म्हणजे इथल्या पुरुषांच्या पायघोळ झग्यांच्या, गळ्याला गोंडे लावत बसायची. पुरुषमाणसं तो गोंडा अत्तरात बुडवतात. धुऊन आलेल्या जुन्या कपड्यालाही कुणाचा तरी मंद वास असायचा. अशा वासात बसून माणूस स्वप्नं नाही बघणार तर काय करणार...

हात दुखले की मी फोनवर बटणांचा फुटबॉल खेळायची. दोन्ही बाजूंना पाच-पाच गोल बटणं, मध्ये चेंडू. बटण बोटानं मागे ओढायचं, सोडायचं, की ते चेंडूला जाऊन भिडायचं. चाल करायला थोडीच सेकंदं मिळायची, वेळ संपला की पाळी दुसऱ्याची. लहानपणी याच टेबलावर मी खरीखुरी बटणं अशीच उडवलेली, त्यामुळे फोनला मी सहज हरवायची.

एका दुपारी पडद्यावर अक्षरं आली — जवळ एक खेळाडू आहे. नाव, चारभोकी.

हा खेळ ब्लूटूथवर दोघांत खेळता यायचा, पण जेमतेम एका दुकानाच्या अंतरातून. मी शटरच्या फटीतून पाहिलं. रस्ता पांढराफटक, माणूस नाही, मांजर नाही. फक्त समोरच्या कडुनिंबाखाली एक व्हॅन, एसीसाठी इंजिन चालू ठेवलेली.

मी 'सुई' या नावानं खेळायला बसले, आणि माझं बटण जागचं हलेचना. तिकडून खेळातलं तयार वाक्य आलं — 'लवकर!' मग लक्षात आलं, मधल्या बोटात अंगुस्तान तसंच होतं. सुई टोचू नये म्हणून अब्बांनी जुन्या बुटाच्या कातड्याचं शिवून दिलेलं. फोनला कातडं कळत नाही, त्याला बोटच लागतं.

त्या दिवशी मी हरले. दुसऱ्या दिवशी जिंकले. खेळात बोलायला चारच वाक्यं होती — 'लवकर', 'माफ करा', 'छान नेम', 'पुन्हा?' आमचं सगळं त्या चारांतच चालायचं. त्याचं 'पुन्हा?' आलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

मग तो दुकानात आला. यासिर, मस्कतच्या होलसेलवाल्यांची बटणं आणि दोरे दुकानोदुकानी पोचवणारा, आमच्यासारखाच कोकणातला. अब्बा नमाजला गेले होते. त्यानं काउंटरवर एक आकाशी शर्ट ठेवला.

"बटण तुटलंय."

"तुमच्या गाडीत लाखभर बटणं असतील."

"असतील. पण लावून देणारं कुणी नाही ना गाडीत."

मी मान खाली घालून सुईत दोरा ओवला... एकदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. तो हळूच म्हणाला, "छान नेम."

म्हणजे त्याला माहीत होतं.

त्यानंतर त्या शर्टाचं बटण दर आठवड्याला तुटू लागलं. कधी बाहीचं, कधी छातीवरचं. दुपारी खेळ, आठवड्यातून एकदा शर्ट... याहून जास्त काही नव्हतं, आणि तरी मला दिवस पुरायचा नाही.

अशात माझ्या मावशीनं, रईसाखालानं, माझ्यासाठी श्रीवर्धनचं स्थळ आणलं. शुक्रवारपर्यंत अब्बांनी उत्तर द्यायचं होतं. आणि त्याच आठवड्यात यासिरची बदली झाली, तीन तासांच्या वाटेवरच्या इब्रीला. तिथून कुठलं ब्लूटूथ पोचायला?

निघायच्या दिवशी सकाळी तो शर्ट घेऊन आला. अब्बा आत माप घेत होते. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आज दुपारी शेवटची मॅच. मी माझा गोलकीपर बाजूला काढून ठेवीन. तुम्ही गोल केलात, तर मी अब्बांशी बोलेन. नाही केलात... तर समजेन, आणि परत त्रास देणार नाही."

दुपारी व्हॅन आली. त्यानं पहिल्याच चालीत गोलकीपर कोपऱ्यात सारला. पुढे नुसती मोकळी जाळी.

मी बटण ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं... पुन्हा... पडद्यावरची सेकंदं पळत होती, आणि बटण ढिम्म. वेळ संपला तेव्हा माझी नजर बोटाकडे गेली.

अंगुस्तान.

ओरबाडून काढलं. तेवढ्यात बाहेर गिअर पडल्याचा आवाज झाला. शटरशी पोचले तोवर कडुनिंबाखाली फक्त सावली उरली होती, आणि पडद्यावर अक्षरं — जवळ कोणी नाही. मॅच थांबली आहे.

चार वाजता अब्बा उठून आले. आकाशी शर्ट उचलून त्यांनी उजेडात धरला, तुटलेल्या दोऱ्याची टोकं बघितली. माझ्याकडे न बघताच विचारलं, "सबीहा, बटणं विकणाऱ्याच्या शर्टाला बटण टिकत नाही. हे तुटतं, की तोडलं जातं?"

मला खोटं बोलता आलं असतं. एका शब्दात सगळं खलास झालं असतं, आणि श्रीवर्धनला होकार गेला असता.

"तोडलं जातं, अब्बा," मी म्हटलं. "आणि मी ते मुद्दाम कच्चं लावते."

अब्बा स्वतः सुई घेऊन बसले. दुहेरी दोरा, खाली दोऱ्याचा घट्ट वेढा, आतून गाठ. लग्नाच्या कोटाला लावतात तसं बटण लावलं, आणि होलसेलवाल्यांना फोन करून इब्रीला गेलेल्या त्या पोराला शर्ट न्यायला बोलावलं.

शुक्रवारी यासिर आला. माझ्याकडे बघतही नव्हता. अब्बांनी शर्ट पुढे केला.

"ओढून बघ."

त्यानं ओढलं. बटण जागचं हललं नाही.

"आता तुटायचं नाही. म्हणजे तुझं कारण संपलं," अब्बा म्हणाले. "यापुढे कारणाशिवाय ये. आणि वडिलांना घेऊन ये."

त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. मी कातड्याचं अंगुस्तान काउंटरवर ठेवलं, आणि मोकळं बोट त्याच्यासमोर धरलं. कळायला त्याला एक क्षण लागला. मग तो असा हसला... अजूनही दर गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारच्या सुट्टीसाठी इब्रीहून दमून घरी येतो, दारात बूट काढतो आणि तसाच हसतो.

"मम्मी, बटण दे ना."

मुआज पलंगाखालून बाहेर आला होता. मी बटण त्याच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, की मी आणि पप्पासुद्धा असंच खेळायचो, आणि आमची एक मॅच अर्धीच राहिली.

"हाफ?" त्यानं बटण रांगेत ठेवलं, बोट मागे घेतलं, आणि तसाच थांबला. मराठी शब्द शोधताना तो नेहमी असा थांबतो.

"मग... आता टर्न कोणाचा आहे? तुझा, की पप्पांचा?"